२^१२७ − १ : यंत्राशिवाय सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या

रानवारा (धागाकर्ती)

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही ३९ अंकी संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. २ चा १२७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही मिळते. पुढे मी तिला म-१२७ म्हणते, आणि घातासाठी ^ ही खूण वापरते. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली ती मूळ असल्याचं दाखवलं, तेही कुठलंही यंत्र हाताशी नसताना. नंतरची ७५ वर्षं याहून मोठी मूळ संख्या जगात कोणालाच माहीत नव्हती.

आकाराचा अंदाज यावा म्हणून: एकं, दहं, शतं म्हणत आपण परार्धावर थांबतो. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. परार्धाला परार्धाने गुणलं तरी आपण इथवर पोचत नाही, त्या गुणाकाराची आणखी सुमारे १७ हजार पट करावी लागते.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नवी विक्रमी मूळ संख्या सापडली तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या आणि सगळ्यांचं बोलणं अंकांच्या संख्येवर थांबलं. मला त्या बातम्यांत एक गोष्ट सतत खटकत होती. ती संख्या मूळ आहे हे कळलं कसं, हे कोणी सांगतच नव्हतं. माझ्या मते खरं आश्चर्य तिथे आहे. म्हणून हा धागा, आणि म्हणून ही ३९ अंकी संख्या. ती एका ओळीत मावते आणि चार कोटी अंकी संख्येत जे जे आहे ते सगळं हिच्यात आहे.

भागून बघायचं म्हटलं तर काय होईल ते आधी बघू. वर्गमुळापर्यंतचे भाजक तपासावे लागतात. म-१२७ चं वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९. त्यातही एक मोठी सवलत मिळते: २^१२७ − १ ला भाग जाणारी मूळ संख्या २५४क + १ याच रूपाची असावी लागते, शिवाय तिला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी लागते. त्यामुळे ३, ५, ७, ११, १३ वगैरे सगळ्या एका फटक्यात बाद. २५५, ५०९, ७६३, १०१७ असं पुढे जात राहिलं की या चाळणीतून पहिली मूळ संख्या खाली पडते ती थेट २२८७. इतकी सवलत मिळूनही अडीच कोटी अब्जांच्या घरात (२.५ × १०^१६) उमेदवार उरतात. सेकंदाला एक भागाकार केला तर ८० कोटी वर्षं.

ल्यूकाच्या वाटेने गेलं तर १२५ वेळा वर्ग करावा लागतो. बस्स, १२५.

ती वाट आज ज्या रूपात शिकवतात ते रूप डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा पुन्हा. २^प − १ साठी अशा प − २ पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. (प ही विषम मूळ संख्या.)

प = ७ घेऊन करू. २^७ − १ = १२७.

४
४ × ४ − २ = १४
१४ × १४ − २ = १९४, बाकी ६७
६७ × ६७ − २ = ४४८७, बाकी ४२
४२ × ४२ − २ = १७६२, बाकी १११
१११ × १११ − २ = १२३१९, बाकी ०

पाच पायऱ्या, शून्य, म्हणून १२७ मूळ.

भागाकारसुद्धा करावा लागत नाही. २^७ म्हणजे १२८, आणि १२७ ने भागल्यावर १२८ ची बाकी १. म्हणून कुठल्याही संख्येचे १२८ चे गठ्ठे मोजायचे आणि सुट्ट्यांत मिळवायचे. ४४८७ मध्ये १२८ चे ३५ गठ्ठे आणि सुटे ७. ३५ + ७ = ४२. बाकी हातात. लहानपणी गुणाकार तपासायला आपण नवाचा ताळा घ्यायचो, त्यामागचं तत्त्व हेच. दहाच्या जागी १२८ आणि नवाच्या जागी १२७. शेवटच्या ओळीत १२३१९ = ९६ गठ्ठे + ३१ सुटे, बेरीज १२७, म्हणजेच शून्य. म-१२७ साठीही तसंच: वर्गाचा द्विमान (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेला) आकडा घ्यायचा, उजवीकडचे १२७ अंक वेगळे करायचे, डावीकडचा भाग त्यात मिळवायचा.

जाणकारांनी भर घालावी.

अबोली

छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. एक शंका. घातांक मूळ असला की २^प − १ मूळ असतेच ना? ३, ७, ३१, १२७ सगळ्या मूळ आहेत. मग १२७ मूळ आहे एवढ्यावरच काम भागायला हवं.

रानवारा

अबोली, तिथून पुढची ११ घेऊन बघा. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. संयुक्त. घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पण तेवढं पुरेसं नाही. वरची कसोटी ११ ला लावली तर ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६ अशा बाक्या येतात. नवव्या पायरीला शून्य हवं होतं, आलं १७३६. म्हणून संयुक्त.

या संख्यांना ज्यांचं नाव आहे ते माराँ मर्सेन हे फ्रेंच धर्मगुरू. १६४४ मध्ये त्यांनी यादी दिली: २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते म्हणून. यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. १२७ मात्र बरोबर ठरला, सव्वादोनशेपेक्षा जास्त वर्षांनी.

तांबडमाती

२५४क + १ कुठून आलं ते सांगतो, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे आणि एकदा कळलं की विसरत नाही.

समजा क्ष ही मूळ संख्या २^१२७ − १ ला भागते. म्हणजे २ चे घात करत गेलो आणि दरवेळी क्ष ने भागून बाकी लिहिली, तर १२७ व्या घाताला बाकी १ येते. बाक्यांचं हे चक्र किती पायऱ्यांनी पुन्हा १ वर येतं? त्या चक्राच्या लांबीने १२७ ला भाग जायला हवा. १२७ मूळ असल्याने लांबी १ किंवा १२७. लांबी १ असती तर २ ची बाकी १ आली असती, ते शक्य नाही. म्हणून लांबी १२७. आता फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की क्ष − १ व्या घाताला बाकी १ येतेच. म्हणजे १२७ ने क्ष − १ ला भाग जातो. क्ष विषम असल्याने क्ष − १ सम आहे, त्यामुळे २५४ नेही भाग जातो. झालं.

रानवारांच्या उदाहरणात बघा: २३ = २२ + १, ८९ = ४ × २२ + १. दोन्ही नियमात बसतात.

आता ६७ ची गोष्ट. ल्यूकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं की २^६७ − १ संयुक्त आहे. पण अवयव सांगता येत नव्हते! कसोटी फक्त 'मूळ नाही' एवढं सांगते, का नाही ते सांगत नाही. अवयव मिळायला १९०३ उजाडलं. फ्रँक नेल्सन कोल यांनी ते अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडले:

२^६७ − १ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

पहिला अवयव नियमात बसतो का? १९३७०७७२० ला १३४ ने भागा. १४४५५८० येतात, बाकी काही उरत नाही. हे पडताळून पाहताना मला फार आनंद झाला होता.

सांजपक्षी

म्हणजे 'संख्या संयुक्त आहे' हे माहीत असूनही २७ वर्षं तिचे अवयव कोणाला माहीत नव्हते? हे मला पहिल्यांदाच कळतंय. माझ्या डोक्यात संयुक्त म्हणजे अवयव सापडलेली, असंच बसलं होतं.

तांबडमाती

हो, आणि ही दोन कामं वेगळी असण्यावरच आजची बरीचशी गुप्तलेखन पद्धत उभी आहे. संख्या मूळ आहे का हे पटकन कळतं. अवयव पाडायला मात्र वर्षानुवर्षं लागू शकतात. आरएसए पद्धतीत जे दोन गुप्त मूळ अवयव घेतात ते हल्ली प्रत्येकी साधारण ३०० अंकी असतात. त्यांचा गुणाकार सगळ्यांना दिसतो, अवयव कोणाला पाडता येत नाहीत.

याच अनुषंगाने: विक्रमी मूळ संख्या सापडली की 'यामुळे बँकांची सुरक्षा वाढणार' असं ढकलपत्र फिरतं. त्यात तथ्य नाही. ज्या संख्येची बातमी छापून येते ती गुप्त कशी राहील? तिथे लागतात त्या कोणालाही माहीत नसलेल्या, कशाही निवडलेल्या मूळ संख्या.

कोकणकडा

पण अशा कशाही निवडलेल्या मूळ संख्या मिळतात सहज? मला वाटायचं मोठ्या मूळ संख्या दुर्मिळ असतात.

तांबडमाती

मुबलक असतात. म-१२७ च्या आसपास सरासरी दर ८८ संख्यांमागे एक मूळ आहे. (मूळ संख्यांचा सिद्धांत: संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा. १२७ × ०.६९३ म्हणजे ८८.) ३०० अंकांच्या पल्ल्यात साधारण ७०० मागे एक. सम संख्या सोडल्या तर ३५० मागे एक. संगणक कशीही विषम संख्या उचलतो, तपासतो, नसेल तर दुसरी उचलतो, क्षणार्धात सापडते.

म्हणून ३९ अंकी मूळ संख्या असणं यात म-१२७ चं विशेष काहीच नाही, तिच्या भावंडांची गणती होणार नाही. १८७६ मध्ये ती एकटी *माहीत* होती, हे विशेष.

खडूफळा

फार दिवसांनी इथे असा धागा आला. सेवानिवृत्त गणित शिक्षक आहे, त्यामुळे सिद्धतेशिवाय राहवत नाही. कसोटीत शून्य आलं की संख्या मूळ का, हे नववी-दहावीच्या गणितात बसवून सांगतो. शांतपणे वाचा, एकही पायरी अवघड नाही.

व = २ + √३ आणि व' = २ − √३ घ्या. व + व' = ४. ही आपली सुरुवातीची ४. व × व' = ४ − ३ = १. आता (व + व')² = व² + व'² + २. म्हणून वर्ग करून २ वजा केले की व² + व'² उरतं, म्हणजे १४. पुन्हा तेच केलं की चौथ्या घातांची बेरीज १९४, मग आठव्या घातांची. प्रत्येक पायरीला घात दुप्पट. १२५ पायऱ्यांनी आपण २^१२५ व्या घातांच्या बेरजेला पोचतो. एवढ्या प्रचंड घाताला १२५ पावलांत पोचणं हीच यातली सगळी करामत.

समजा ही बेरीज म-१२७ ने भागल्यावर शून्य आली. आणि समजा, तरीही म-१२७ संयुक्त आहे. तर तिचा सर्वांत लहान मूळ अवयव क्ष घ्या. क्ष × क्ष हा म-१२७ पेक्षा मोठा नसणार.

आता 'अ + ब√३' अशा रूपाच्या संख्यांचं जग घ्या, पण अ आणि ब यांच्या जागी क्ष ने भागून येणाऱ्या बाक्याच लिहायच्या. अ साठी क्ष पर्याय, ब साठी क्ष पर्याय. शून्य सोडून या जगात क्ष² − १ रहिवासी. जास्त नाहीत.

बेरीज शून्य आहे, त्या समीकरणाला व च्या २^१२५ व्या घाताने गुणा. व × व' = १ असल्याने दुसरं पद १ होतं आणि मिळतं: व चा २^१२६ वा घात = −१. दोन्ही बाजूंचा वर्ग करा: व चा २^१२७ वा घात = १. म्हणजे व चे घात घेत गेलो की चक्र २^१२७ पायऱ्यांनी पूर्ण होतं. त्याआधी होत नाही, कारण चक्राची लांबी २^१२७ ची विभाजक असावी लागते, तशी लहान असती तर २^१२६ व्या पायरीला −१ ऐवजी १ आला असता.

म्हणजे व चे २^१२७ वेगवेगळे घात. सगळे याच जगातले. पण रहिवासी किती? क्ष² − १, जे २^१२७ पेक्षा नक्की कमी. एवढ्यांना जागाच नाही. विरोधाभास. म्हणून असा क्ष असूच शकत नाही. म-१२७ मूळ.

उलट बाजू, म्हणजे संख्या मूळ असेल तर शून्य येतंच, ही सिद्ध करायला वर्गबाक्यांचा परस्परता नियम लागतो. तो इथे उलगडत नाही. पण प्रत्यक्ष शून्य आल्यावर खात्री पटायला वरची बाजू पुरेशी आहे.

भर कशावर आहे ते लक्षात घ्या. म-१२७ च्या *पुढची* संख्या २^१२७ आहे, म्हणजे नुसत्या दोनांचा गुणाकार. चक्राची लांबी इतकी नेमकी सांगता आली ती त्यामुळेच. कुठल्याही ३९ अंकी संख्येला ही वाट मिळत नाही.

अबोली

सर, हे तीनदा वाचलं आणि 'एवढ्यांना जागाच नाही' ला एकदम लख्ख झालं. मनापासून आभार.

उत्तररात्र

खडूफळा सरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. म-१२७ च्या *मागची* संख्याही पूर्ण उलगडता येते. म-१२७ − १ = २ × (२^१२६ − १), आणि त्याचे अवयव असे:

२ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९

यात १२७ स्वतः बसलेली आहे! फर्माच्या छोट्या सिद्धांतामुळे ती असणारच होती, तरी यादीत दिसली की बरं वाटतं.

कुठल्याही संख्येचं मूळत्व सिद्ध करताना तिच्या शेजारणीचे अवयव माहीत असले तर काम सोपं होतं. १९५१ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी विक्रमी मूळ संख्या शोधली ती अशी:

१८० × (म-१२७)² + १

हिच्या मागच्या संख्येचे अवयव आयते हातात आहेत: १८० चे अवयव आणि म-१२७, दोनदा. ल्यूकाची संख्या स्वतः विक्रमावरून उतरली ती पुढच्या विक्रमाची पायरी होऊन. त्याच वर्षी फेरिये यांनी टेबलावरच्या यांत्रिक गणकयंत्रावर (२^१४८ + १) ÷ १७ ही ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली होती, तीही म-१२७ पेक्षा मोठी. आणि १९५२ च्या जानेवारीत रॉबिन्सन यांनी स्वॅक संगणकावर ल्यूका–लेमर कसोटी चालवून २^५२१ − १ आणि २^६०७ − १ मिळवल्या. त्यानंतर विक्रम कायमचे संगणकांकडे गेले.

कोकणकडा

मला हाताने केलेल्या हिशेबाबद्दल विचारायचंय. ३९ अंकी संख्यांचे वर्ग, शंभरावर वेळा, कागदावर. एका ठिकाणी हातचा चुकला तर सगळं पाण्यात. मग १८७६ च्या उत्तरावर विश्वास का ठेवायचा?

रानवारा

हा प्रश्न मलाही बरेच दिवस छळत होता. उत्तर शून्यात आहे. मध्येच हातचा चुकला तर पुढच्या सगळ्या बाक्या भरकटतात, आणि भरकटलेली बाकी शेवटी नेमकी शून्यावर येऊन पडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. म्हणून शून्य आलं की हिशेबही बरोबर होता असं मानायला सबळ आधार मिळतो. उलट शून्य आलं नाही तर मात्र संख्या खरोखर संयुक्त आहे की हातचा चुकला, हे ठरवायला दुसऱ्या कोणी तरी पुन्हा करून बघावं लागतं. म-१२७ ही पुढे १९१४ मध्ये फोकंबर्ग यांनी पुन्हा तपासली, ती मूळच ठरली.

ल्यूकाने स्वतः ४ पासून सुरुवात केली नव्हती. प ला ४ ने भागून बाकी ३ येत असेल (१२७ ची येते) तर ३ पासून सुरुवात चालते. प = ७ साठी ३, ७, ४७, ४८, १६, ०. यातल्या ३, ७, ४७ या ल्यूका संख्या, हेमचंद्र–फिबोनाची क्रमाच्या सख्ख्या बहिणी: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७. आधीच्या दोन मिळवा की पुढची.

आणि ज्यांनी मनोऱ्याचं कोडं खेळलंय, एका खांबावरच्या चकत्या दुसऱ्यावर न्यायच्या, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, ते हनोईचे मनोरे ल्यूकाचेच, १८८३ चे. न चकत्यांना किमान २^न − १ चाली लागतात. १२७ चकत्या घेतल्या तर चालींची संख्या या धाग्याच्या पहिल्या ओळीत आहे.

सांजपक्षी

अहाहा! ही शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला.

द्विमान पद्धतीत म-१२७ म्हणजे सलग १२७ एक. आपल्या दशमान पद्धतीत नुसत्या एकांच्या संख्या मूळ असतात का?

खडूफळा

असतात, पण फार थोड्या. ११ मूळ. त्यानंतर थेट १९ एकांची, मग २३ एकांची, मग ३१७ आणि १०३१. इथेही एकांची संख्या मूळ असावीच लागते, वर घातांक मूळ असावा लागतो तसंच.

या एकांच्या संख्यांवर मनापासून प्रेम करणारे आपले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले गणित शिक्षक. ११^२ = १२१, १११^२ = १२३२१, ११११^२ = १२३४३२१ हे वर्ग त्यांच्या डेमलो संख्यांपैकी. विद्यापीठातलं पद नाही, हाताशी फक्त कागद-पेन्सिल, आणि तरी जगभरच्या गणितज्ञांना त्यांचं नाव माहीत झालं. वर्गात मी हे वर्ग मुलांकडूनच करून घ्यायचो. तिसऱ्या ओळीला मुलं स्वतःच पुढची ओळ सांगायला लागतात.

निळाई

धागा सुंदर आहे, पण प्रामाणिक प्रश्न विचारते: म-१२७ चा उपयोग काय? अवयव नाहीत एवढंच ना?

उत्तररात्र

निळाई, संगणकाला ही जात आवडते ती रानवारांनी वर सांगितलेल्या ताळ्यामुळे. भागाकार महाग, बेरीज स्वस्त. भाजक २^प − १ असेल तर भागाकाराची बेरीज होते.

म्हणून मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २०१५ साली मांडलेला फोरक्यू नावाचा गुप्तलेखनाचा वक्र म-१२७ वरच बेतलेला आहे. इथे मूळ संख्या गुप्त असण्याची गरजच नसते, गुपित दुसरीकडे असतं, त्यामुळे तांबडमातींचा मुद्दा खोडला जात नाही. पी-५२१ हा प्रमाणित वक्र २^५२१ − १ वर चालतो, म्हणजे १९५२ मध्ये स्वॅकवर सापडलेल्या संख्येवर. पायथॉन भाषा ६४ बिटी संगणकावर आकड्यांचे हॅश (पटकन शोधता यावं म्हणून काढलेल्या खूण-संख्या) काढते ते २^६१ − १ ने भागून. आणि तिचे यादृच्छिक आकडे मर्सेन ट्विस्टर पद्धतीने येतात, त्यांचं चक्र २^१९९३७ − १ एवढं लांब. टकरमन यांनी १९७१ मध्ये ही ६००२ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं तेव्हा ती अशी घरोघरच्या संगणकात जाईल असं कोणाच्या मनातही आलं नसेल.

त्याहून जुना उपयोग हवा असेल तर युक्लिडचा: २^१२६ × म-१२७ ही ७७ अंकी परिपूर्ण संख्या. स्वतः सोडून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तीच येते, जशी ६ = १ + २ + ३.

निळाई

पटलं. २०२४ ची जी चार कोटी अंकी सापडली तीही याच कसोटीने?

रानवारा

हो, थोड्या फरकाने. २^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०. ल्यूक ड्युरंट यांनी गिम्प्स या सामूहिक प्रकल्पातून शोधली. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी तो सुरू केला. आधी फर्माच्या सिद्धांतावर आधारलेली चाचणी डब्लिनमधल्या एका एनव्हिडिया ए१०० चिपवर ११ ऑक्टोबरला पूर्ण झाली. तिने 'बहुधा मूळ' एवढं सांगितलं. शिक्कामोर्तब झालं ते ल्यूका–लेमरनेच, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एच१०० वर. तेरा कोटींहून जास्त वर्ग, आणि शेवटी शून्य.

आयआयटी कानपूरच्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली एकेएस कसोटी कुठल्याही संख्येला लागू पडते, नक्की उत्तर देते आणि तिला लागणारा वेळ आटोक्यात राहतो हे सिद्ध झालेलं आहे. त्याआधी अशी कसोटी असू शकते का हेच माहीत नव्हतं. पण विक्रमी संख्यांवर ती चालवत नाहीत, कारण २^प − १ या जातीसाठी ल्यूकाची वाट कितीतरी वेगवान आहे. दीडशे वर्षं होत आली, अजून तीच.

तांबडमाती

म-१२७ बद्दल जे अजून माहीत नाही तेही लिहायला हवं.

२ घ्या. २^२ − १ = ३. २^३ − १ = ७. २^७ − १ = १२७. २^१२७ − १ = आपली. पाचही मूळ. मग पुढची? २^(म-१२७) − १ मूळ आहे का? तिच्यात सुमारे ५ × १०^३७ अंक आहेत, त्यामुळे कसोटी लावायची तर म-१२७ वजा २ एवढे वर्ग. ते कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. उरतो एकच मार्ग: तिचा अवयव असलाच तर तो २ × क × म-१२७ + १ या रूपाचा असणार, तेव्हा लहान क घेऊन शोधत राहायचं. एकही अवयव अजून मिळालेला नाही. अवयव मिळाला तर प्रश्न सुटेल. ती खरंच मूळ असेल तर मात्र हे कळणार कसं, याची कल्पनाही आज करता येत नाही.

आणखी एक: (२^१२७ + १) ÷ ३ हीसुद्धा मूळ आहे, ५६७१३७२७८२०१५६४१०५७७२२९१०१२३८६२८०३५२४३. एकाच घातांकाला दोन्ही बाजूंनी मूळ संख्या मिळणं १२७ नंतर पुन्हा आढळलेलं नाही.

अबोली

आज पुतणीला घेऊन बसले. ती आठवीत आहे. प = १३ घेतला, २^१३ − १ = ८१९१. कॅल्क्युलेटर फक्त वर्ग करायला, बाकी काढायची गठ्ठे मोजून. तिने वहीत लिहिलेलं जसंच्या तसं:

४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०

शून्य आल्यावर ओरडलीच. मग तिने विचारलं, शून्याच्या आधी बरोब्बर १२८ कसे? १२८ तर २ चा घात आहे. मला उत्तर देता आलं नाही. सर?

खडूफळा

शाब्बास! तिला माझ्याकडून सांगा, नजर पक्की आहे.

शेवटची बाकी शून्य, म्हणजे त्याआधीच्या बाकीचा वर्ग २ च्या बरोबरीचा. ८१९१ ने भागताना कोणत्या संख्येचा वर्ग २ येतो? १२८ × १२८ = २^१४ = २ × ८१९२, आणि ८१९२ ची बाकी १. म्हणजे २. ८१९१ मूळ असल्याने असे वर्गमूळ दोनच: १२८ आणि −१२८. म्हणून शेवटून दुसरी बाकी या दोघांपैकी एक असलीच पाहिजे. सर्वसाधारणपणे २ चा (प + १) ÷ २ वा घात, धन किंवा ऋण. वर प = ७ मध्ये १११ आली होती; १११ म्हणजे १२७ − १६, तिथे ऋण बाजू आली. तिथेच ३ पासून सुरुवात केली तर १६ आली, धन.

म-१२७ लाही हेच लागू. शेवटून दुसऱ्या बाकीच्या जागी २^६४ किंवा −२^६४ असणार, दुसरं काही नाही.

अबोली

सांगितलं. ती आता १७ करायला बसली आहे. २^१७ − १ = १,३१,०७१, म्हणून शेवटून दुसरी बाकी ५१२ नाही तर १,३०,५५९ यायला हवी, हे तिने वहीच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवलंय. सध्या ९५,७९९ च्या वर्गाशी आहे.